बोट ओढून न्यायच्या नावाखाली इंजिनच पळवलं

हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये माझी फायबरची लहान बोट आहे, मागे बाहेरून बसवलेलं 9.9 एचपीचं आऊटबोर्ड इंजिन. जुनंच, पण 58,000 मोजून घेतलेलं. मध्यंतरी इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बंद झाली, कव्हर तापलं आणि इंजिन जाम. बाजारात एकाने मिस्त्रीचा नंबर दिला. फोनवरच 'आप्पा, आप्पा'. असल्यांची बोलण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणे गॅरेज पाटाच्या कडेलाच आहे, पाण्याचं आवर्तन सुटलंय, बोट पाटातून दोराने ओढत नेऊ, लांबचं ट्रॉलीभाडं वाचेल. अ‍ॅडव्हान्स 2,500, 'पाटाची परवानगी' म्हणून 1,200. पावती नाही. परवानगीचे पैसे मिस्त्रीच्या खात्यावर कधीच टाकू नका.

धरणाखाली बोट पाटात उतरवली. 'हलकी होईल' म्हणत मिस्त्रीच्या माणसांनी मागचे दोन स्क्रू सैल केले, इंजिन गोणपाटात गुंडाळलं आणि पिकअपमध्ये टाकलं. अरे, इंजिन गाडीतून चाललंय तर बोट ओढायची कशाला? हा प्रश्न आजही रात्री झोपू देत नाही. आणि मी तो विचारला होता! उत्तर तयार: "ट्रायल पाण्यातच घ्यावी लागते ना आप्पा." यात खोटं काही नाही, आऊटबोर्ड कोरडं चालवलं तर जळतं. कोणालाही पटलं असतं. ट्रायलला पाण्याने भरलेलं 200 लिटरचं पिंप पुरतं, हे दुसऱ्या मिस्त्रीने सांगितलं, पण सगळं झाल्यावर.

दोन पोरं काठावरून ओढत होती. दोर थेट नाकाच्या कडीला, त्यामुळे बोट सारखी काठाकडे वळून काँक्रीटवर घासायची आणि मी आत उभा राहून बांबूने ढकलतोय. काठावरून ओढायचं तर दोर नाकापासून जरा मागे बांधतात आणि एक जण वल्हं धरून नाक बाहेर ठेवतो. या दोघांनी जन्मात बोट ओढली नव्हती. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन, "हेड उघडलं, पिस्टन धरलाय, 6,800 टाका." टाकले. पुढे पाटाचं गेट आलं, बोट अडली, पोरं चहाला म्हणून गेली ती गेलीच. सांगितलेल्या पत्त्यावर केळी पिकवायचं गोदाम निघालं.

इंजिन धरून 68,500 गेले. बोट परत आणायला ट्रॅक्टरचे 1,800 वेगळे.

पोलीस म्हणाले, पाट आमच्या हद्दीत नाही. अहो, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो! त्यावर साहेब म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." पाटबंधारेच्या ऑफिसात तर मलाच झापलं, पाटात बोट घातलीच कशी म्हणून. तिथला पाटकरी मात्र आमची वरात काठावरून मजेत बघत होता, तेव्हा त्याला नियम आठवला नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर मिस्त्रीचं खातं रिकामं. शेवटी ठाण्यात साधा अर्ज घेतला. त्यात काय लिहिलंय? 'एक जुनी मोटार.' पंप वाटला त्यांना!

इंजिनाच्या ब्रॅकेटवर सीरियल नंबरची पट्टी असते, तिचा फोटो आजच काढून ठेवा. माझ्याकडे नाही. माझ्या इंजिनाच्या कव्हरवर उजव्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा आहे आणि स्टार्टरच्या दोरीला निळी मूठ. रावेर, यावल, चोपडा भागात कोणी असं इंजिन स्वस्तात दाखवलं, तर व्यवहार लांबवा आणि आधी मला कळवा.