'क्वीन मेरी २' जहाजानं इंग्लंडहून अमेरिकेला: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

"इमानानं आठ तासात पोचता ना भो, मग आठवडाभर पाण्यात कायले बसता?" हा प्रश्न भुसावळात मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. आमचा मुलगा न्यू जर्सीत, त्याच्याकडे जायचंच होतं, आणि सौ.ला आणि मला दोघांनाही लांबच्या प्रवासाची आवड, तर मुंबई-लंडन विमानानं आणि पुढं साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जहाजानं असं ठरवलं. येताना सरळ विमान.

आधीच सांगतो, पाचपैकी साडेचार स्टार. पण प्रत्येकासाठी नाही हे. ज्याला खिडकीशी बसून चार स्टेशनं नुसती बघत जायला आवडतं त्याला हा प्रवास आवडेल, आणि ज्याला रोज नवीन गाव, शॉपिंग, फोटो पाहिजे त्यानं मेडिटरेनियन क्रूझ करावी, कारण इथं मधी एकही थांबा नाही. सात रात्री, चारी बाजूंनी पाणी. बस.

मुंबई-गोवा क्रूझ केली म्हणजे हे कळलं असं समजू नका. ते क्रूझ शिप, हे लायनर. समुद्रात ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या वेळेत माणसं पोचवायची म्हणून बांधलेलं, त्यामुळे पुढचं नाक लांब, लोखंड जाड आणि वेग जास्त. १८४० मध्ये हे जहाज चालवणाऱ्या याच क्युनार्ड कंपनीचं ब्रिटानिया जहाज टपाल घेऊन लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स-बोस्टनला गेलं होतं, तेव्हापासून हा धंदा चालू, पण १९५८ नंतर जेट विमानं आली आणि सगळी लायनर एकेक करून बंद पडली. आज नियमित चालणारं हे एकच उरलंय. २००४ साली पाण्यात आलं, फ्रान्समध्ये सेंट नझेरला बांधलंय, लांबी ३४५ मीटर. म्हणजे रेल्वेचे एलएचबी प्रकारचे १४ डबे जोडले तरी थोडं उरतं.

आता माझी सगळी नोकरी रेल्वेच्या लोको शेडमध्ये गेली म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढच्या पॅऱ्यावर जावं. हे जहाज डिझेल-इलेक्ट्रिक आहे! आपल्या डिझेल इंजिनात जसं डिझेल चाकाला हात लावत नाही, नुसती वीज तयार करतं आणि चाक फिरवते ट्रॅक्शन मोटर, अगदी तेच. ४ डिझेल इंजिनं आणि जोडीला २ गॅस टर्बाइन, आणि मागं पोटाखाली लटकवलेले ४ पॉड, प्रत्येकात मोटर आणि बाहेर पंखा. त्यातले दोन पॉड गोल फिरतात म्हणून याला सुकाणूच नाही. वेग काढायचा म्हटलं तर ३० नॉटपर्यंत जातं, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, पण सात रात्रींच्या टाइमटेबलला तेवढी घाई नसते, ३५-४० किलोमीटरनी निवांत चालतं.

व्हिसा. इथं लोक फसतात. आमच्याकडच्या एका एजंटनं छातीठोक सांगितलं की अमेरिकेचा व्हिसा आहे ना काका, मग लंडनला काही लागत नाही. ती सवलत लंडनला विमान बदलून विमानानंच पुढं जाणाऱ्यांची आहे. तुम्ही विमानानं उतरून जहाजानं निघणार, तर यूकेचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढा आणि अमेरिकेचा बी१/बी२ व्हिजिटर व्हिसा तर पाहिजेच, आणि दोन्ही हातात आल्याशिवाय जहाजाचे पूर्ण पैसे भरू नका. मुंबईला चेक-इन काउंटरवर लंडनहून पुढचं तिकीट विचारतात, तिथं जहाजाच्या बोर्डिंग पासची प्रिंट काढून ठेवलेली कामात येते. मोबाईलमधलं दाखवायला गेलं की नेमकी तेव्हाच बॅटरी उतरते.

सामानाचं असं की जहाजावर कितीबी बॅगा न्या, कोणी वजन करत नाही, पण लंडनपर्यंतच्या विमानाला किलोची मर्यादा आहे ना! म्हणून जहाज मोठं म्हणून मोठ्या बॅगा हा हिशोब करू नका. विमान आणि जहाज एकाच दिवशी ठेवू नका, विमान लेट झालं तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. आदल्या रात्री साउथॅम्प्टनलाच मुक्काम करा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून सरळ बस आहे, लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून गाडी दीड तासाच्या आत सोडते. आणि हो, बंदरात टर्मिनल एक नाही, बरीच आहेत, तिकिटावर कोणतं लिहिलंय ते टॅक्सीवाल्याला दाखवा. टायटॅनिक १९१२ च्या एप्रिलमध्ये याच गावातून निघालं होतं, हे सौ.ला मी न्यूयॉर्कला पोचल्यावर सांगितलं, आधी नाही.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या नंतर केबिनच्या दाराशी येतात. त्याला वेळ लागतो, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, कागदपत्रं हातातल्या पिशवीत.

केबिन कोणती घ्यावी हे सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत: अटलांटिकवर बाल्कनीला जास्त पैसे घालू नका. वारा असा असतो की दार उघडायला जोर लावावा लागतो. खालच्या मजल्यांवरच्या बाल्कन्या जहाजाच्या अंगातच कोरलेल्या आहेत, पुढं लोखंडाची भिंत, खुर्चीत बसलं की समुद्र दिसत नाही, उभं राहिलं तरच दिसतो. (पण वारा कमी लागतो हेही खरं.) खिडकीवाली पुरे. पैसे वाचवायचे असतील तर आतली, बिनखिडकीची, झोप तर अशी लागते की सकाळ झाली तरी कळत नाही. मजला खालचा आणि जागा मधली मागा, तिथं हलणं कमी जाणवतं. आणि अमेरिकेकडे जाताना डावी बाजू मागा, त्याला पोर्ट साइड म्हणतात. पश्चिमेकडे तोंड करून चाललो की डावीकडे दक्षिण, म्हणजे ऊन त्याच बाजूला. येताना उलटं.

हलतं का? हलतं. बाजूला पंखासारखे स्टॅबिलायझर आहेत त्यामुळे डावं-उजवं डोलणं बरंच कमी होतं पण पुढं-मागं खालीवर होणं राहतंच. थंडीच्या महिन्यांत समुद्र जास्त खवळलेला, ज्यांना एसटीच्या घाटातबी मळमळतं त्यांनी मे ते ऑगस्ट बघा. गोळी डॉक्टरला विचारून इथूनच न्या आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. आमच्याकडे घरच्या आल्याच्या वड्या होत्या, शेजारच्या टेबलवरच्या इंग्लिश आजीबाईंनी त्या अर्ध्या संपवल्या. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूला थंड लॅब्राडोर प्रवाह आणि गरम गल्फ स्ट्रीम एकत्र येतात आणि धुकं असं पडतं की डेकवरून पाणीच दिसत नाही. मग जहाज दर थोड्या वेळानं भोंगा देतं. या जहाजाचा एक भोंगा जुन्या क्वीन मेरीचा आहे, जी आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे. आवाज छातीत घुमतो. इंजिनाचे हॉर्न ऐकत म्हातारा झालो पण असा नाही ऐकला.

जेवण. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, ही खात्री बाळगा. ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये तुमचं टेबल ठरलेलं असतं, बुकिंग करतानाच शाकाहारी, जैन जे असेल ते कळवा आणि पहिल्याच संध्याकाळी वेटरशी बोलून घ्या, दुसऱ्या दिवसाचं आदल्या दिवशी सांगितलं तर ते मनापासून करून देतात. बुफे वेगळा आहे, तिथं कधीही जा. पण आपली जीभ शेवभाजीवर वाढलेली आणि काळा मसाला नसला की जेवल्यासारखं वाटत नाही, त्याला ते बिचारे काय करणार. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, केळीचे वेफर्स पॅकबंद न्या. केबिनमध्ये चहाची किटली असते, चहा मसाला नेला तर काम होतं, पण किटलीत दूध ओतू नका रे बाबांनो. सकाळी नाश्त्याला केळी होती, ती खाऊन मी जळगाव जिल्ह्यातला माणूस गप्प बसलो हे माझं मोठेपण समजा.

दुपारचा चहा मात्र चुकवू नका. क्वीन्स रूम म्हणून मोठा नाचाचा हॉल आहे, साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वेटर रांगेत येतात, बाजूला वाद्यं चालू, काकडीचे एवढेएवढे सँडविच आणि स्कोन नावाचा प्रकार, त्यावर घट्ट साय आणि जाम. सौ. पहिल्या दिवशी म्हणे हे काय पोट भरायचं खाणं आहे का, आणि नंतर तीन वाजल्यापासून साडी बदलून तयार.

कपड्यांचं टेन्शन फार लोक घेतात. संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं लागतं, आणि एक-दोन रात्री गाला नाइट असतात, तेव्हा गोरे लोक काळा सूट-बो लावून येतात. टक्सिडो विकत घ्यायची काही गरज नाही! आपापल्या देशाचा ठेवणीतला पोशाख चालतो. मी बंदगळा घातला, सौ.नं पैठणी, आणि त्या रात्री जिन्यावर तिला थांबवून थांबवून लोक पदर बघत होते. शाल मात्र न्या, एसी गारठवतो. इस्त्री केबिनमध्ये चालत नाही, लॉण्ड्रीची खोली आहे तिथं फुकट करता येते.

वेळ कसा जातो? अमेरिकेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागं जातं, म्हणजे २५ तासांचा दिवस, उतरता तेव्हा जेटलॅग नाही. मुलाकडे विमानानं गेलं की चार दिवस झोपेचं खोबरं व्हायचं, या वेळी पहिल्याच दिवशी नातवाला शाळेत सोडायला गेलो. इंग्लंडकडे येताना उलटं होतं, दिवस २३ तासांचे, म्हणून म्हणतो जाताना जहाज, येताना विमान. बाकी लायब्ररी जबरदस्त आहे, तारांगण आहे, व्याख्यानं असतात. ७ नंबरच्या डेकवर पूर्ण गोल चालता येतं, तीन फेऱ्या म्हणजे पावणेदोन किलोमीटर. दुपारी बाराला कॅप्टन स्पीकरवर जहाज कुठं आहे, वारा किती, खाली पाणी किती खोल ते सांगतो, मी रोज वहीत उतरवायचो. वरच्या १२ नंबरच्या डेकवर प्रवाशांच्या कुत्र्यांची खोली आहे, आणि त्यांच्या अंगणात एक इंग्लिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट लावलाय, म्हणजे दोन्ही देशांच्या कुत्र्यांची सोय.

पैसे डॉलरमध्ये कापतात, रोख चालत नाही, कार्ड जोडावं लागतं. टीप रोजची माणशी आपोआप खात्यात पडते, ती बजेटमध्ये धरा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं रोमिंग बिल घरी आल्यावर रडवतं. नेटचे वेगळे पैसे. प्रवासाचा विमा काढाच, जहाजावरचा डॉक्टर महाग पडतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आधी काढून घ्या, नाहीतर गाऊनवर ब्रुकलिनला उतरायची पाळी. पहाटे गजर लावून डेकवर जा, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जाताना चिमणी पुलाला घासते की काय असं वाटतं, मग डावीकडे लिबर्टीचा पुतळा. जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेड हुकला लागतं, मॅनहॅटन भागात नाही. कस्टमला फळं, बी-बियाणं नको, बाकी खाण्याचं जे आहे ते विचारतील तेव्हा खरं सांगा. आणि पोराला सांगून ठेवा की जहाज सहा-सातला लागलेलं दिसलं तरी लगेच गाडी घेऊन येऊ नको, नंबरानं उतरवतात, इमिग्रेशनची रांग असते, नऊ-दहाशिवाय तुम्ही बाहेर येत नाही.