हंगेरियन सॉब्या की तुर्की किलिच? थडग्यावरच्या दगडाला विचारून बघू

सोळाव्या-सतराव्या शतकातली, हंगेरी आणि उस्मानी (म्हणजे तुर्की) साम्राज्याच्या सरहद्दीवरची वाकडी तलवार प्रतिकृती म्हणून करून घ्यायची असेल, तर कारागिराला आगाऊ रक्कम देण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. हंगेरियन ‘सॉब्या’ की तुर्की ‘किलिच’? फोटोत दोन्ही बहिणी-बहिणी वाटतात, आणि त्यात नवल नाही. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मेला, १५४१ मध्ये बुडा तुर्कांच्या हाती गेलं, आणि १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहापर्यंत दोन्ही बाजू एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. एवढ्या काळात हत्यारं लुटीत गेली, नजराण्यात गेली, बाजारात विकली गेली. त्यामुळे हंगेरियन मुठीत तुर्की पातं सापडलं तर दचकू नका. आपल्याकडे फिरंग्यांचं पातं आणून त्यावर देशी मूठ चढवली की ‘फिरंग’ व्हायची, तशातलाच प्रकार.

मग फरक शोधायचा कुठे? बरेच जण थडग्यांवरच्या शिल्पांकडे वळतात. मेलेला सरदार दगडात चिलखतासकट आडवा किंवा उभा कोरलेला असतो, आणि कमरेला तलवार असेल तर ती जवळजवळ खऱ्या मापाची. पण इथेच पारडं एका बाजूला झुकतं. अशी शिल्पं हंगेरियन बाजूलाच आहेत. हंगेरीतल्या एगरच्या किल्ल्यात १५५२ चा तुर्की वेढा परतवणाऱ्या इश्तवान दोबोच्या थडग्याचं झाकण ठेवलं आहे. ट्रान्सिल्वेनियातल्या ग्यॉर्ग अपाफी या सरदाराची दगडी शवपेटी आज बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उस्मानी कबरीवर माणूस कोरत नाहीत. तिथे उभा दगड असतो, माथ्यावर पागोटं, आणि त्या पागोट्यावरून मयताचा हुद्दा ओळखायचा. बोस्नियातल्या जुन्या मुस्लिम कबरदगडांवर तलवार, ढाल, गदा कोरलेली दिसते खरी, पण ती बाह्यरेषा झाली. मुठीवरची खिळी त्यात मोजता येत नाही.

म्हणून आधीच सांगतो: दगडावर भिस्त ठेवून काम करायचं असेल तर सॉब्या घ्या. किलिचसाठी दगड सोडून इस्तंबूलचं तोपकापी किंवा ड्रेस्डेनचं तुर्की दालन गाठावं लागेल, निदान त्यांचे फोटो तरी.

दगडात काय नीट दिसतं? मूठ. हंगेरियन मुठीची आडवी दांडी सरळ आणि लांब. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती तुर्की दांडीसारखीच आखूड असायची, शतक सरता सरता वाढत गेली. दांडीच्या मधोमध वर-खाली जाणाऱ्या दोन जिभा, त्यातली खालची म्यानावर बसणारी. वर बदामाच्या आकाराची धातूची टोपी. काही तलवारींना दांडीपासून टोपीपर्यंत बोटांसमोर बारीक साखळी असते. या जिभा किलिचलाही असतात, त्यामुळे त्यांच्यावरून निवाडा करू नका. आपल्या तलवारीची सवय असलेल्या हाताला दोन्हीत एक गोष्ट चुकल्यासारखी वाटेल: मनगट अडवणारी ती वरची तबकडी. ती इथे नाहीच.

किलिचच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक मुठीचीच. पिस्तुलासारखी खाली वळलेली, टोकाला गोळा आलेली मूठ बघितली की लोक ‘अस्सल तुर्की’ म्हणून पैसे मोजतात. ती जास्त करून नंतरच्या काळातली, आणि आखूड-रुंद पात्याबरोबर अठराव्या शतकात शोभते. सोळाव्या शतकातल्या सुलतान सुलेमानच्या काळाचा देखावा उभा करायचा असेल तर मूठ पुष्कळ साधी हवी, वर तिरकी टोपी, आणि पातं लांब, मंद वळणाचं.

आता दगड कुठे फसवतो ते. एक तर दांडीची लांबी. पातळ दांडी दगडात मोकळी सोडली की मोडते, म्हणून शिल्पकार ती मांडीला किंवा झग्याला चिकटवून कोरतो, नाहीतर आखूड करतो. शिवाय हंगेरीत मानाच्या थडग्यांसाठी वापरला जाणारा ‘लाल संगमरवर’ मुळात संगमरवर नाहीच, गेरेचे डोंगरातला चुनखडक आहे. जवळून बघितलं तर त्यात शंखासारखे अॅमोनाइटचे वेटोळे दिसतात. असं एखादं वेटोळं नेमकं मुठीपाशी आलं तर ते नक्षीकाम समजू नका. दुसरं म्हणजे वेळ. अपाफी वारला १६३५ मध्ये, शवपेटी १६३८ ची. ती एलियास निकोलाई नावाच्या शिल्पकाराने घडवली. त्याच्यासमोर मालकाची खरी तलवार होती की कारखान्यातला ठरलेला नमुना, हा प्रश्न अशा प्रत्येक शिल्पापुढे उभं राहून विचारायचा.

आणि सगळ्यात मोठी अडचण: तलवार म्यानात असते, पातं दिसतच नाही. पात्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पाठीकडून फुगवटा येतो आणि तिथे दोन्ही कडांना धार असते. त्याला तुर्कीत ‘येल्मान’, हंगेरियनमध्ये ‘फोकेल’ म्हणतात. दोन्ही भाषांत शब्द आहे, यातच उत्तर आलं. येल्मान दिसला म्हणजे तुर्की, हा विक्रेत्यांचा सिद्धांत आहे. घावाला वजन हवं असलेल्या दोन्हीकडच्या स्वारांनी तो वापरला. पात्यासाठी व्हिएन्नातली तलवार बघावी. १५६६ मध्ये हंगेरीतल्या सिगेतवारच्या किल्ल्यात तुर्कांशी लढताना पडलेल्या मिक्लोश झ्रिन्यीची म्हणून ती जपलेली आहे, शिरस्त्राणासकट.

माझा कौल: भिंतीवर टांगायला, नुसतं पातं बघत बसायला, किलिच. पोलादावरचं पाणी, म्हणजे लाटांसारखी नक्षी, आणि सोन्याचं लिखाण यात तुर्की कारागिराच्या जवळपास कुणी येत नाही. हातात धरून फिरवायला, नाटकाला किंवा चित्रासाठी, लांब दांडीची सॉब्या. तिचे पुरावे अंगावरच्या पोशाखासकट मिळतात. पट्टा कुठे, म्यानाच्या कड्या किती, तलवार कमरेला कशी लोंबते, हे किलिचच्या संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत कळत नाही.

काहीही घ्या, कारागिराला म्यानाचं आधी सांगा. पुढे रुंद आणि वाकडं असं पातं घट्ट म्यानात शिरत नाही, म्हणून जुन्या म्यानांना तोंडापासून पाठीच्या बाजूने लांब चीर ठेवलेली असते. ती विसरला तर तलवार एकदा कशीबशी आत जाईल, आणि बाहेर काढताना म्यान उसवावं लागेल.