लॉ सीईटीचं ६०० रुपयांचं गाईड: सहा महिने वापरून आणि सुटी पानं गोळा करून

काल शिरोलीच्या केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, गाईडचं पान २११ हरवलं. पाठीमागं चौथ्या मॉकची, म्हणजे सराव पेपरची, निम्मी उत्तरं होती, म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर परीक्षा होईपर्यंत लिहिणार नव्हतो.

मी तीन वर्षांच्या एलएलबीवाला, लॉ सीईटी म्हणजे त्याच्या प्रवेशाची परीक्षा. बीकॉम होऊन नऊ वर्षं झाली, फौंड्रीत डिस्पॅचला आहे. ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं कोल्हापुरात सुरू झालं आणि गल्लीत ज्याला त्याला वकील व्हायचं सुचलं, त्यात मीपण. सप्टेंबरात बिंदू चौकाकडं एका दुकानात गेलो तर मालकानं आधी क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, जाडजूड पुस्तकच पुढं केलं. नवीन कोण जाणार असेल तर फसू नका, ते बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्सला जाणाऱ्या पोरांचं, सगळं उताऱ्यांवर आणि चुकलं की पाव मार्क कट. आपल्या सीईटीत चुकीला मार्क जात नाहीत, त्यामुळं तयारीच वेगळी.

मग हे सीईटीचं गाईड घेतलं. छापील किंमत ६६५, दहा टक्के सूट धरून ५९८.५० होतात, पण सुट्टे नाहीत म्हणून ६०० घेतले. दीड रुपया अजून यायचाय.

आता बाइंडिंग. पंधराव्या दिवशी मधनं उघडलं तर करकर आवाज आला आणि इंग्रजीचा अख्खा भाग हातात. शिलाई नाहीच हो, नुसता डिंक! माझ्या आईची पोथी तीस वर्षांची आहे, रोज उघडते, एक पान हललं नाही. दुकानात घेऊन गेलो तर मालक म्हणतोय, "भावा, तू लय वाचलास म्हणून सुटलं, बाकीच्यांची अजून कोरीच हायत." आता यावर काय बोलणार. बदलून दे म्हटलं तर म्हणे पानांवर पेननं लिहिलंयस. प्रकाशकाला तीन फोन केले, तिसऱ्या वेळी "कुरिअरनं पाठवा, खर्च तुमचा" असं उत्तर आलं. ठेवून दिला फोन.

घरी येऊन रागानं कव्हरवरचं "नवीन पॅटर्न" हे स्टिकर नखानं खरवडलं, तर खाली जुनं साल. मग आत बघितलं. २०२४ पासून पेपर १२० प्रश्नांचा झालाय, इंग्रजी ४०, जीके आणि चालू घडामोडी ३२, कायदा २४, रिझनिंग २४. ह्यांचे मॉक मात्र १५० चेच, आणि वेळ तेच दोन तास. मी महिनाभर तेच सोडवत होतो आणि वेळ पुरत नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत होतो.

दुसरी गंमत. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खून ३०२ वरनं १०३ ला गेला, फसवणूक ४२० वरनं ३१८ ला. गाईडवाल्यांनी मागं सोळा पानांची पुरवणी चिकटवली, पण आतले प्रश्न तसेच, म्हणजे एकाच गाईडात खुनाची दोन कलमं. पुरवणी अर्थात सगळ्यात आधी सुटली.

मराठी भाषांतराचं तर काय सांगू. "विचाराशिवाय केलेला करार रद्द ठरतो" असं वाक्य आहे. मला वाटलं, बरोबरच आहे की, विचार न करता सही कशाला करायची? दोन आठवडे मी तेच धरून चाललो होतो. मग कोर्टात टायपिंग करणाऱ्या मावसभावानं सांगितलं, अरे ते कन्सिडरेशन, मराठीत प्रतिफल. म्हणजे कराराच्या बदल्यात जे द्यायचं-घ्यायचं ते.

डिसेंबरात एका पोराकडनं जुनं गाईड १२० रुपयांना घेतलं, आयपीसीच्या काळातलं. कलमं बाद, पण रिझनिंगमधले बैठक व्यवस्था, दिशा, नातेसंबंध काय जुने होतात होय? आणि तत्त्व-प्रसंगवाले प्रश्न त्यात लय भारी. आधी तत्त्व देतात, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं की अतिक्रमण, नुकसान झालं नाही तरीही. मग प्रसंग. आम्ही लहानपणी शेजाऱ्याच्या उसातनं शाळेला जायचो, एक कांडं मोडलं नाही, तरी तो बोंबलायचा. तत्त्वानं बघितलं तर त्याचंच बरोबर होतं. ह्या गाईडात उत्तर का बरोबर ते लिहिलंय, नव्यात नुसतं १-क, २-ब. आणि हो, शिलाई आहे.

पण खरं सांगायचं तर जानेवारीपासून नव्या गाईडवरचा राग थोडा उतरला. पानं सुटीच आहेत म्हटल्यावर मी रोज आठ पानं घडी घालून डब्याच्या पिशवीत न्यायला लागलो. बसमध्ये ६०० पानी ठोकळा काढून कोण बसतंय? पण आठ पानं वाचून होतात, जाताना चार, येताना चार. इंग्रजी असंच झालं सगळं, समानार्थी शब्द आणि वाक्यातल्या चुका. त्याचे प्रश्न ठीक छापलेत, तेवढं श्रेय देतो. मॉकमध्ये मी १२० पैकी १२० प्रश्नांना उत्तर देऊन मोकळा होतो आता. मॉक स्वतःच पाडलेले, १५० मधले ३० कापून.

जीके गाईडातनं करू नका, घरात पेपर येतोय तोच वाचा. ३२ मार्कांसाठी शिळ्या घडामोडींची शंभर पानं विकत घेतली मी.

कोण घ्यायला जाणार असेल तर दुकानात उभं राहून आधी मधोमध उघडा, शिलाईचा दोरा बघा. दुकानदार ओरडला तर ओरडू दे. मग मॉकचे प्रश्न मोजा, मग खुनाचं कलम शोधा. बाइंडरनं परत बांधायचे ८० सांगितलेत, मी काही देणार नाही.

आणि शिरोलीच्या बसला कुणाला पान २११ सापडलं तर कंडक्टरकडं ठेवा. ओळख म्हणजे "विचार" शब्दावर लाल पेननं काट मारून वर "प्रतिफल" लिहिलंय.