बीड की गनमेटल : छोट्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर

कुपवाडच्या एका तरुण मित्राने २५ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) आपल्या पहिल्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, करावा की गनमेटलचा, असे विचारले आहे.

किमतीत बीड सरळ स्वस्त आहे. गनमेटल म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील, त्यामुळे त्याचा दर कितीतरी पट पडतो. शिवाय १९१० साली किर्लोस्करवाडी वसली त्या आपल्या सांगली जिल्ह्यात बिडाचा तुकडा मिळवणे अवघड नाही.

लेथवर बीड अधिक काळजी मागते. ओतकामाची वरची साल कठीण असते आणि तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात, म्हणून पहिला कट सालीच्या खाली जाईल इतका खोल घ्यावा. वरवर खरवडल्यास हत्याराची धार तिथेच जाते. बीड कोरडेच कापावे आणि काळी भुकटी लेथच्या बेडवर साचू देऊ नये. गनमेटल स्वच्छ कापले जाते, मात्र ड्रिल आरपार निघताना ते ओढून घेते.

झिजेच्या बाबतीत बिडातील ग्राफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. पण गंज हा त्याचा खरा शत्रू आहे. माझे बिडाचे इंजिन वाफेवर चालवून न पुसता ठेवले, आणि पावसाळ्यानंतर पिस्टन असा अडकला की लाकडी ठोकळ्याने ठोकून काढताना बोअरवर ओरखडे उठले.

वर्षातून दोनचारदाच वाफेवर चालणाऱ्या इंजिनासाठी गनमेटलच घ्यावे. नियमित चालवून प्रत्येक वेळी तेल सोडणाऱ्याने, तसेच पेट्रोल इंजिन करणाऱ्याने बीड निवडावे.