‘आपली आजी’ चॅनल: सासूबाई नसतील तर हे बघा

नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं हे यूट्यूब चॅनल, 2020मध्ये नातवासोबत सुरू केलेलं, कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ तेव्हा तुफान चालला होता, मी तिथूनच बघायला लागले. आवडतं ते म्हणजे बोलणं, अगदी आपल्या नगरकडचं, उगाच पुणेरी केलेलं नाही.

आमच्याकडे काळा मसाला म्हणजे खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजायचं, पण जळकट वास यायच्या आत उतरवायचं, आणि हे ‘आत’ कुठल्या पुस्तकात मिळणार सांगा? व्हिडिओत निदान रंग दिसतो, हात कधी थांबतो ते दिसतं, मागे घेऊन परत बघता येतं (आईला चारदा विचारलं तर ओरडते). रोज स्वयंपाक करणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे राव.

नाहीतर हल्ली काही गावरान चॅनल बघून वैताग येतो, नवी कोरी चूल, ड्रोन शॉट, वर बासरी, आणि भाजीत पाकिटातला मसाला!

एकच मागणी, रानभाज्या अजून दाखवा, कुर्डू, चिघळ, पाथरी वगैरे. निवडायच्या कशा तेही सांगा, कारण बाजारात जुडी दिसते पण घ्यायची हिंमत होत नाही.

साडेचार स्टार.