कोलंबस की बेंटनव्हिल?

अमेरिकेत नोकरीसाठी यातलं कुठलं गाव निवडावं: इंडियाना राज्यातलं कोलंबस की आर्कान्सा राज्यातलं बेंटनव्हिल? दोन्ही गावं पन्नास हजारांच्या आसपास वस्तीची आणि दोन्हीकडे एकाच कंपनीचा दबदबा.

कोलंबस कमिन्सचं. १९१९ पासून इथे डिझेल इंजिनं बनतात. त्यामुळे एकाच गावात डिझाइन करणारा इंजिनीअरही भेटतो आणि कारखान्यात पाळी करणारा कामगारही. कामगारांची स्वतःची युनियन आहे. पुण्याशी नातं १९६२ च्या किर्लोस्कर कमिन्सपासूनचं, म्हणून किराणा दुकानात मराठी कानावर पडली तर नवल वाटायला नको. कंपनीच्या फाउंडेशनने आर्किटेक्टची फी भरल्यामुळे इथल्या शाळा आणि अग्निशमन केंद्रंही नामवंतांनी आखलेली आहेत!

बेंटनव्हिल वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीचं. २००० साली वस्ती वीस हजारांच्या आत होती, २०२० मध्ये चौपन्न हजारांवर गेली. इथे मुख्यालयातली माणसं जास्त: खरेदी, डेटा, सॉफ्टवेअर. वॉलमार्टला माल पुरवणाऱ्या कंपन्याही आसपास ऑफिस थाटतात, त्यामुळे नोकरी बदलायची तर गाव सोडावं लागेलच असं नाही. युनियनचं मात्र नाव काढू नका. २०२४ मध्ये कंपनीने डॅलस, अटलांटाच्या ऑफिसांतल्या बऱ्याच लोकांना इकडे यायला सांगितलं; घरांवरचा ताण त्यातून वाढणारच.

मेकॅनिकलवाल्याने सरळ कोलंबस गाठावं. घरात दोघं नोकरी करणारे आणि त्यातलं एक आयटीत असेल, तर माझा कौल बेंटनव्हिलला.