सात महिने हिरव्या रंगाची वाट पाहताना

‘मामा, वय झालं तुझं,’ असं भाचा म्हणाला, तिथून हे सुरू झालं. ह्युमन बेंचमार्क या संकेतस्थळावर आपण किती चटकन प्रतिसाद देतो ते मोजणारी चाचणी आहे. पडदा लाल असतो, हिरवा झाला की क्लिक करायचं. असं पाच वेळा, मग सरासरी. त्याची १९५ मिलिसेकंद आली, माझी २९१. तेव्हापासून रोज सकाळी पाच क्लिक आणि वहीत नोंद. बायको याला संध्या म्हणते.

महिनाभराने भाच्याच्या घरी, त्याच्याच संगणकावर बसलो तर पहिल्याच फटक्यात २४६! त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि माऊस वायरचा. माझा लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, हातात ब्लूटूथ माऊस. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ चा साधारण ७ नी. त्यात टीव्ही चित्र सजवण्यात आणखी वेळ खातो तो वेगळाच. घरी येऊन टीव्हीचा गेम मोड (यात ही सजावट कमी होते) चालू केला, वायरचा माऊस घेतला आणि एका संध्याकाळीत मी चाळीसेक मिलिसेकंदांनी ‘तरुण’ झालो. म्हणून दुसऱ्याच्या मोबाइलवरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात अर्थ नाही.

खात्री करायला शाळेची फूटपट्टी काढली. समोरच्याने वरून सोडायची, आपण चिमटीत पकडायची. २० सेंटीमीटरला पकडली तर साधारण ०.२ सेकंद. ना पडदा, ना माऊस. मी १९ ते २१ मध्ये पकडतो. (भाचा सोडण्याआधी बोट हलवतो, ते धरून.)

सरावाने सुधारणा झाली ती पहिल्या दोन आठवड्यांत. नंतर २५० च्या आसपास गाडी अडली ती अडलीच. चहाआधी, चहानंतर, काही फरक नाही. फरक पाडते ती झोप. रात्रभर बसने प्रवास केल्यावरची नोंद बघा: २६२, २५५, ४१८, २७०, ३९०. चांगले क्लिक जवळपास नेहमीसारखेच, पण मध्येच मेंदू डुलकी घेतोय. झोपेचा अभ्यास करणारेही अशा चाचणीत ५०० च्या वरचे प्रतिसाद वेगळे मोजतात. तेव्हापासून मी सरासरी सोडली. पाचांतला मधला आणि सर्वांत वाईट, एवढंच लिहितो. त्या दिवशी गाडीची किल्ली मात्र बायकोकडे दिली. ६० च्या वेगात पाव सेकंद म्हणजे चार मीटरच्या वर.

माझा विक्रम १६८ चा आहे, पण तो मी खोडलाय. अंदाजाने दाबलं होतं, मलाच माहीत. धावण्याच्या शर्यतीत ०.१०० सेकंदाच्या आत हललात तर चुकीची सुरुवात धरतात. २०२२ मध्ये अमेरिकेत युजीनला, जागतिक स्पर्धेत, अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू डेव्हन ॲलन ०.०९९ मुळे बाद झाला. उसेन बोल्टच्या १०० मीटरच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमी धावेतही प्रतिसाद ०.१४६ होता, तोही आवाजाला, आणि कान डोळ्यापेक्षा चपळ. कोणी डोळ्याच्या चाचणीत १२० सांगितलं की मी नुसता हसतो.

गणपतीत भाचा आला. गेम मोड बंद केला, ब्लूटूथ माऊस त्याच्या हातात दिला. २४७ आले.

‘मामा, तुझा माऊस खराब आहे.’